उशाचा चाकू

“हातात घेऊन तरी बघा की, भाऊ! मिटलेला चाकू चावत न्हाई.”

“तुमीच दावा,” कोंडाजी म्हणाला. हात त्यानं घोंगडीतच ठेवले.

लोणावळ्याचा फेरीवाला इनायत दिवस कलताना गायमुख खिंडीत अडकला होता. लोहगडवाडी हाकेवर आली, अन् तट्टू हटून बसलं. कान पाडून नुसतं फुरफुरत होतं. बिबट्याचा वास आला असंल, म्हणून इनायत त्याला शिव्या हासडत होता, तोच दगडाआडून हा गडी पुढं आला. डोळे खोबणीत गेलेले. म्हणाला, मिटायचा चाकू पायजे, आत्ताच.

इनायतनं फडक्यावर तीन विलायती चाकू मांडले. चाकू हातोहात दिला की भांडण लागतं, म्हणून खालीच ठेवले. तरी गडी उचलीना.

“कापायचं काय?”

“पोराच्या उशाला ठिवायचाय. रोज सांजंला येतो आन् पोराला उचलून घेतो. मग पोर तापानं फणफणतं. आता तर दूधबी ओढंना झालंय.”

“आन् तुमी बाप असून बघत बसता? उशाला विळा ठेवा की!”

“ठिवला व्हता. चिरंल म्हणती आन् पोराची आई काढून ठिवती. मिटणारा असला तर ऱ्हाईल.” कोंडाजीचा आवाज फाटला. “माझ्याच्यानं त्याला थांबवत न्हाई, भाऊ. लय येळा ठरवलं. वाईट न्हाई त्यो. पोरावर जीव हाय त्याचा. पर त्योच पोराच्या जिवावर उठलाय.”

इनायतनं थट्टा सोडली. त्यानं शिंगाच्या मुठीचा चाकू पुढं केला. कोंडाजीनं मान हलवली. हाडाच्या मुठीचाही नको. तिसरा मुठीसकट निव्वळ लोखंडी होता. तो जवळ नेताच कोंडाजी इंगळावर पाय पडल्यासारखा मागं सरला.

“ह्योच!”

“अवो, भ्यालात की!”

“ह्योच द्या. पोराच्या हातानं उघडायचा न्हाई ना?”

“माझ्या बापाच्यानं उघडला न्हाई! विलायतेत लढाई लागल्यापासनं असला माल येतच न्हाई.”

“मग तुमीच नेऊन ठिवा. पयलंच घर. बयाला सांगा, कुणी कितीबी विनवलं तरी काढू नको. कोनाड्यात मधाचं मडकं हाय, ते तुमचं. माझ्या हातचा शेवटचा मध हाय.”

“आन् तुमी?”

“येतो मागनं.”

तट्टू आता न ओढता उतार उतरलं, जवळजवळ पळतच.

पहिल्याच घरात पोर केविलवाणं कण्हत होतं. इनायतनं चाकू त्याच्या उशाला सारला आणि निरोप सांगितला, “तुमच्या मालकांनी धाडलाय. कुणी कितीबी विनवलं तरी काढायचा न्हाई.”

बयाबाईनं वर पाहिलं. तिचं कपाळ पांढरं होतं.

“मध काढताना कड्यावरनं पडून गेले ते,” ती म्हणाली. “तवा ह्यो पोटात व्हता. पोराचं तोंडबी बघितलं न्हाई त्यांनी.”

इनायत उंबऱ्यापासून आत सरकला.

“विळा मीच काढून ठिवत व्हते, दादा. चिरंल म्हणून न्हाई.”

पोराचं कण्हणं थांबलं. कितीतरी दिवसांनी ते मूठ चोखत शांत झोपी गेलं. बयाबाईनं चाकूवर हात ठेवला आणि दाराकडं पाहत राहिली.

“बया,” उंबऱ्याबाहेरून कोंडाजीचा आवाज आला, “एकदाच घेऊ दे गं. काढ तो चाकू.”