उदबत्तीनं झाकत न्हाई

तेजल पोह्यांच्या बश्या वाटत होती आणि घरामागं डुकराचं पिल्लू केकाटलं.

"शेळी हाय," तिचा बाप महिपती म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

कुरवंड्यातल्या त्या घरात सकाळपासनं उदबत्त्यांचा धूर कोंडला होता. इतका की देवानंही खोकावं. मागच्या शेडला ताडपत्री लावलेली. लोणावळ्याच्या हॉटेलांतलं खरकटं आणणारा टेम्पो वरच्या आळीत लपवलेला. एका डुकरिणीवरनं तेजलनं अख्खा कळप उभा केला होता. घरावर स्लॅब पडला तोही त्यावरच. पण भावकी त्या घरात चहाला टेकत नव्हती. म्हणून महिपतीनं ठरवून टाकलेलं, लग्न जमलं की सगळी डुकरं विकायची. तोवर पाव्हण्यांना शेळ्या सांगायच्या. तेजलनं तोंड उघडायचं नाही.

पिल्लू पुन्हा केकाटलं. या खेपेला आवाज दबलेला, तुटका. तेजल वळली. बापानं डोळे वटारले.

नवऱ्यामुलाची, पवनची, आई आक्काबाई सुदुंबऱ्याहून ठेवणीतली पैठणी नेसून आलेली. तिनं हातातला घास बशीत परत ठेवला.

"शेळी कसली? आईच्या अंगाखाली पिल्लू घावलंय." तिनं पदर खोचला आणि मागच्या दारानं पळाली. तेजल तिच्या मागं.

"सरक गं बये," म्हणत आक्काबाईनं डुकरिणीच्या पोटाला खांदा लावला. तेजलनं पिल्लाचा पाय धरून ओढलं. पिल्लू निपचित. आक्काबाईनं त्याला पैठणीच्या पदरानं खसाखसा चोळलं. पिल्लू शिंकलं आणि पैठणीवरच मुतलं.

महिपती पोह्याची बशी घेऊन दारात उभा, मागं पवन. "ताई, तुमाला कसं कळलं?"

"पवननं पोल्ट्री हाय म्हणून सांगितलं ना तुमाला?" आक्काबाई म्हणाली. "पोल्ट्री न्हाई. आमच्यात बी हीच हायत. लाजंकाजं पाव्हण्यांना सांगत न्हाई."

पवन चपलेचा अंगठा बघत राहिला. महिपतीचा जीव मात्र भांड्यात पडला.

"मग जमलंच की," तो खुशीत म्हणाला. "आता दोगं मिळून लपवू."

"मी न्हाई लपवायची," तेजल म्हणाली. पिल्लू तिच्या काखेत होतं. "आन् माजी डुकरं बी इकायची न्हाईत, आबा. मावशी, सुदुंबऱ्यात रस्त्याला लागून पाटी लावा. वराहपालन. मोट्या अक्षरात. खाली माजं नाव. जमत आसंल तर पुढचं बोलू. न्हाईतर पोहे खाऊन घ्या."

डुकरीण घुरघुरली.

आक्काबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पोराच्या पाठीत धपाटा घातला.

"पवन्या, ताठ उभा ऱ्हा. आता ती आपल्याला बघतीय."