न ऐकता घेतलेला सेट

इंदूरच्या दुकानदाराने जयूताईंना तिसऱ्यांदा मेसेज केला, "मॅडम, अँप्लिफायर हमारा, स्पीकर पुणे के. इतना महंगा सेट है, दोनों को साथ में सुने बिना मत लीजिए."

"सुनना रहने दीजिए, आंकड़े भेजिए," त्यांनी उत्तर पाठवलं.

उज्जैनच्या शाळेत तीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या जयूताईंनी महिनाभर ओहम आणि वॅटचा मेळ बसवला, हॉलची लांबी-रुंदी मोजली आणि दोन्ही वस्तू मागवल्या. श्रीनाथरावांना, त्यांच्या यजमानांना, हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी आपला जुना सेट दोन वर्षांपूर्वी कुणाला तरी देऊन टाकला होता. "आता शौक नाही राहिला," असं ते सगळ्यांना सांगत. रेकॉर्ड प्लेयर आणि रेकॉर्डी तेवढ्या कपाटात बंद होत्या.

जयूताईंनी तारा स्वतः जोडल्या, यजमानांच्या आवडीची रेकॉर्ड लावली आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. श्रीनाथराव चपला घालून बाहेर निघाले होते, ते दारातच थांबले. मग येऊन बसले. हळूहळू त्यांचे डोळे मिटले आणि बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली.

एक बाजू संपल्यावर त्यांनी टेबलावरचा कागद ओढून लिहिलं, "सुंदर जमलंय. पण तुझे कान गेले तेव्हाच मी ठरवलं होतं, आता एकट्यानं ऐकायचं नाही."

जयूताईंनी ते वाचलं आणि उठून रेकॉर्ड उलटली.

"तुम्ही ऐका," त्या म्हणाल्या, "मी बघतेय."