एकूण माणसं एक

"एकच लिहा," अलमेलूबाई म्हणाल्या. "या घरात एकच माणूस."

मार्तंड गुरुजींनी शिरगणतीच्या गठ्ठ्यातून एक चिठ्ठी काढली. माणशी एक चिठ्ठी, असा सरकारी नियम. एकाहत्तरचा मार्च होता, अजनीतली रेल्वेवाल्यांची चाळ, आणि ऊन असं की गुरुजींची टोपीसुद्धा घामेजलेली.

"तुमच्या चुलीवर आणखी कोणी जेवतं?"

"कोण जेवणार? मालक गेले, पोरबाळ नाही." तीस वर्षांत बाईंची मराठी पार नागपुरी झाली होती, तमिळ हेल तेवढा राहिला होता. "शनिवारी जी. टी. एक्स्प्रेसनं मी चालली गावाकडे. मालकाच्या पुतण्याच्या घरी."

"तो बोलावून राहिला का?"

"नाही. पण मेल्यावर उचलाले आपल्या बोलीचा माणूस पाहिजे ना गा? इथं मले कोण आहे? सिंधी सिंधीत बोलते, बंगाली बंगालीत. रोज कोणी ना कोणी वाटी पाठवते, पण ते कीव येते म्हणून."

भरल्या चाळीत एवढं एकटं माणूस पाहून गुरुजींना फार वाईट वाटलं. नात्याच्या रकान्यात त्यांनी 'कुटुंबप्रमुख' लिहिलं. कुटुंबाचा पत्ता नाही अन् म्हणे प्रमुख!

मग ते पुढच्या खोल्यांकडे वळले. प्रत्येक दारात तोच प्रश्न, चुलीवर कोण कोण जेवतं? लालवाणींनी सहा माणसं सांगितली, घोषबाबूंनी चार. तिथं गुरुजींचं पेन मध्येच थांबलं. घोषबाईंना वाटलं, ऊन लागलं. त्यांनी पाणी आणून दिलं. शेवटच्या खोलीत करतारसिंगनं बायकोला विचारून सात सांगितली.

गुरुजी बाहेर ओट्यावर बसले. चिठ्ठ्या पुन्हा एकदा चाळल्या आणि अलमेलूबाईंचं दार परत वाजवलं.

"बाई, तुमची चिठ्ठी चुकली."

अलमेलूबाई घाबरल्या. "मी खोटं नाही सांगितलं, गुरुजी."

"एक माणूस एकदाच मोजाचा, असा कायदा आहे. अन् मी तर तुम्हाले चारदा लिहून बसलो." गुरुजींनी आणखी तीन चिठ्ठ्या त्यांच्यापुढे धरल्या. "आता तुम्हीच सांगा, कोणती ठेवू? लालवाणीची आई, घोषबाबूची मावशी, का सरदारजीची सासू?"