नऊ नंबरची गादी

गादीवरचा ओला डाग पाहून ताईंना मनापासून आनंद झाला. चांगला परातीएवढा डाग होता.

"माफ करा हं, आमच्या शेठनं घोटाळा केला," खोलीत उतरलेले आजोबा म्हणाले. शेठ म्हणजे त्यांचा कुत्रा. काळा, जाडजूड, तोंडाभोवती पांढरा पडलेला. तो फरशीवर पसरला होता आणि आजी त्याला बोट दाखवून रागावत होत्या, "लाज नाही वाटत, मेल्या? परक्या जागी आलोय आपण!" शेठनं फक्त एक कान हलवला.

ताई या रिसॉर्टच्या खोल्यांची देखरेख करायच्या. अठरा वर्षं झाली होती. पांढऱ्या चादरीवरचा केस त्यांना दारातून दिसायचा, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे 'दुर्बीण' म्हणायचे. खोल्यांमध्ये कुत्री येऊ द्यायची ही टूम मॅनेजरची. तीन महिने करून बघू, असं तो म्हणाला होता. ताईंनी पहिल्याच दिवशी सुनावलं होतं, "साहेब, माणसांचं आवरता आवरता जीव मेटाकुटीला येतो, त्यात आणखी कुत्री कशाला?" ते तीन महिने आज संपत होते. दुपारी काय तो निर्णय व्हायचा होता. अशा दिवशी ही गादी म्हणजे आपल्या पायांनी चालत आलेला पुरावा होता. ताईंनी ती लगेच दोन माणसांकरवी उचलून नेली आणि चादर स्वतःच्या बगलेत मारली. आजी नाश्त्याला खाली गेल्या.

जिन्यात मात्र ताई थबकल्या.

काल हाच शेठ व्हरांड्याच्या दोन पायऱ्या चढू शकला नव्हता. आजोबांनी त्याच्या पोटाखाली टॉवेल घालून त्याला वर घेतलं होतं. नऊ नंबरचा पलंग तर ताईंच्या कमरेला लागायचा. मग हे धूड त्यावर चढलं कसं? ताईंनी तिथेच चादर उलगडली, उजेडाकडे धरली. एकही काळा केस नव्हता.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

दोघांची नोंद करायची आणि तिसरं माणूस गुपचूप आत घ्यायचं, ही चलाखी ताईंनी आजवर कितीदा पकडली होती. नातवंड असणार. अंथरूण ओलं करण्याच्या वयाचं. आम्ही आलो की कपाटामागे दडवत असतील, आणि आळ कुणावर, तर मुक्या जनावरावर! दिसायला किती सालस, आणि करणी बघा. ताईंनी एक स्वच्छ चादर घेतली आणि उलट पावली वर गेल्या.

दार वाजवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम त्यांचाच. आज तो त्यांनीच मोडला. कपाट उघडून पाहिलं. दोन बॅगा, एक काठी. पडद्यामागे कुणी नाही. पलंगाखाली कुणी नाही. बाथरूममधून नळाचा आवाज येत होता आणि दार अर्धवट लोटलेलं होतं. सापडलं, असं मनाशी म्हणत ताईंनी फटीतून डोकावलं.

आजोबा दाराकडे पाठ करून स्टुलावर बसले होते. समोर बादली. स्वतःचा पायजमा ते साबण लावून घासत होते, घासत होते. शेठची हनुवटी त्यांच्या पावलावर टेकली होती.

"पुन्हा तुझ्यावरच ढकललं रे," ते हलक्या आवाजात म्हणत होते. "काय करू? ऑपरेशन झाल्यापासून ताबाच राहत नाही बघ. तुझं नाव सांगता येतं, म्हणून निदान घराबाहेर पडता तरी येतं. हिला किती वर्षं चार भिंतींत बसवून ठेवू?"

ताई आवाज न करता बाहेर आल्या. चादर त्यांच्या हातातच राहिली.

दुपारी आजोबा-आजी शेठला घेऊन बागेत निघाले, तेव्हा मॅनेजर काउंटरवरच होता.

"ताई, तुमचंच खरं झालं," तो म्हणाला. "नऊ नंबरची गादी वाया गेली. उद्यापासून कुत्री बंद."

आजोबांचा चेहरा उतरला. "अहो, एकाच्या चुकीपायी सगळ्यांना कशाला..."

मॅनेजर ताईंकडे बघत होता. कुत्र्यानं केलं म्हणावं, तर या दोघांना इथलं दार बंद. नाही म्हणावं, तर म्हाताऱ्याची अब्रू चव्हाट्यावर.

"कुत्र्यानं नाही केलं," ताई म्हणाल्या.

आजोबांनी काउंटरची कड घट्ट धरली.

"त्या खोलीतला एसी गळतोय. बरोबर पलंगावर. मला चार दिवसांपूर्वीच कळलं होतं, तुम्हाला सांगायचं राहून गेलं. चूक माझी."

'चूक माझी' हे शब्द अठरा वर्षांत ताईंच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. मॅनेजर आजोबांकडे वळून म्हणाला, "मग तुम्ही याचं नाव कसं काय सांगितलंत?"

"मला... मला वाटलं, तोच असणार."

"ओलं दिसलं की कुणीही कुत्र्यावरच संशय घेतं," ताई म्हणाल्या. "मीही घेतलाच की. येऊ द्या कुत्र्यांना, साहेब. खोल्यांचं मी बघते."

मॅनेजरनं खांदे उडवले आणि एसीच्या मेकॅनिकला फोन लावला.

आजोबा शेठला घेऊन बागेकडे निघाले. आजी पर्समध्ये चष्मा शोधत मागे रेंगाळल्या. आजोबा पुरेसे लांब गेल्यावर त्यांनी पर्स मिटली आणि ताईंचा हात हातात घेतला.

"रात्री एसी आम्ही लावलाच नव्हता," त्या अगदी हळू म्हणाल्या. "पण मला सगळं माहीत आहे, हे ह्यांना कधी कळू देऊ नका हं."