एकच झेंडा

देशोदेशीचे झेंडे शिवून शिंप्याचं घर चालायचं. एक दिवस दुकानात एक मुलगी अर्ज घेऊन आली. "काका, अख्ख्या जगाचं मिळून एकच सरकार हवं. माणशी एक मत आणि सगळ्यांचा एकच झेंडा! सही करता?"

शिंप्याने कात्री बाजूला ठेवली आणि लगेच सही ठोकली.

मुलगी गेली तशी बायको कडाडली, "अहो, अक्कल गहाण ठेवलीत का? एकच झेंडा झाला तर आपण खायचं काय?"

शिंप्याने शांतपणे सुईत दोरा ओवला.

 

"अगं, दाराच्या पडद्याचा रंग ठरवायला आपल्या दोघांना दोन वर्षं लागली. इथे तर साऱ्या जगाला विचारणार आहेत. नमुने शिवता शिवता आपली नातवंडं म्हातारी होतील!"