फ्रिजवरची वकीलबाई

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या छोट्या गावात वकिली करणाऱ्या लोर्नाने घटस्फोटाची कामं यावीत म्हणून फ्रिजवर लावायची मॅग्नेट घरोघर वाटली. वर तिचा हसरा फोटो, खाली नंबर आणि ‘पुरे झालं? मला फोन करा.’

सहा महिने ती ऑफिसात माशा मारत बसली. शेवटी चर्चच्या जेवणात, नवऱ्याच्या नावाने कायम बोटं मोडणाऱ्या ट्रूडीला तिने गाठलं.

“तुझी केस तर मी धरूनच चालले होते गं! मॅग्नेट फेकलंस की काय?”

“फेकतेय कशाला! नवरा बिअर काढायला गेला की आधी तुझं थोबाड दिसतं त्याला. तेव्हापासून न सांगता भांडी घासतो.”

मग ट्रूडी जवळ सरकली.


“आणखी एक दे ना. गवत कापायच्या यंत्रावर लावते.”