आत काय चाललंय

प्रयोगशाळेत नीरजाचे डोळे म्हणजे मी. तिला जन्मापासून दिसत नाही. म्हणून बीकर तिने धरायचा आणि आत काय चाललंय ते मी सांगायचं, अशी आमची नववीपासूनची वाटणी. सांगायला मला भारी आवडतं.

त्या दिवशी कुलथे सरांनी सायट्रिक आम्लाच्या द्रावणात खाण्याचा सोडा टाकायला लावला. "अगं, फेस बघ केवढा! पार काठापर्यंत आलाय. बुडबुडे नुसते उसळतायत," मी सुरू झाले. नीरजा दोन्ही तळवे बीकरला लावून उभी होती.

"या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडली की आत घेतली गेली?" सरांनी विचारलं.

मी बीकरला बोट लावून पाहिलं. चांगलाच गार होता. "बाहेर पडली, सर. उष्णता निघून गेली म्हणून तर बीकर गार झालाय." अर्धा वर्ग माझ्या बाजूने होता.

"बाहेर पडली असती, तर माझ्या हातात आली असती ना?" नीरजा म्हणाली. "माझे तळवे गारठलेत. हा माझ्याकडची ऊब ओढून घेतोय, सर."

सरांनी फळ्यावर लिहिलं, 'उष्माग्राही'.

दुसऱ्या बीकरमध्ये त्यांनी सौम्य आम्ल आणि आम्लारी एकत्र केली. मी सवयीने तोंड उघडलं, पण आत ना रंग होता ना फेस. दिसण्यासारखं काहीच नव्हतं. मी माझा हात नीरजाच्या हाताशेजारी टेकवला.

"आता तू सांग," मी म्हटलं.